नोकरी गेलेले नऊ जण, मामांची जमीन आणि एकत्र शेती : जाणकारांचा सल्ला हवाय

चिंचवडची | १९ जुलै २०२०

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ.

मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा मी एका केटरिंगवाल्यांकडे हिशेब बघत होते. लग्नसराई बुडाली. मेपर्यंत अर्धा पगार मिळाला, जूनमध्ये "सध्या येऊ नका" म्हणाले. मिस्टर भोसरीत सीएनसी मशीनवर होते, त्यांचंही तेच झालं. ओळखीपाळखीत बघता बघता नऊ जण जमलो : आम्ही दोघं, मिस्टरांच्या लाइनवरचे दोघे, शाळेची व्हॅन चालवणारे दादा, हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारे दोघे भाऊ, मॉलमध्ये सिक्युरिटीला असलेले काका आणि पार्लर चालवणारी माझी मैत्रीण. सगळे घरी बसून.

व्हॅनवाल्या दादांच्या मामांची भोर तालुक्यात साडेतीन एकर जमीन आहे. खालच्या दीड एकरात भात. वरचा दोन एकरांचा तुकडा चार वर्षं पडीक, कारण मुलं मुंबईला. विहीर आहे, मामा सांगतात मार्चपर्यंत पाणी पुरतं. ते म्हणाले, "पडीक ठेवण्यापरीस तुम्ही करा, पहिल्या वर्षी मला खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, नको."

ज्याला जेवढे जमले तेवढे घातले, एक लाख दहा हजार जमलेत. कोणी पंधरा हजार दिले, कोणी साडेसात. आमच्यातल्या चौघांचं लहानपण गावाकडे गेलंय, बाकीच्यांनी शेत फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलंय.

विचारायचं हे की सोसायटी रजिस्टर करावी का? जमीन आमच्या नावावर नसताना चालेल का? काय लावावं? आणि वाटणी कशी करायची? पैसे सगळ्यांचे सारखे नाहीत, अंगमेहनतही सारखी होणार नाही. मला झोप लागू देत नाही तो हा शेवटचा प्रश्न.

फेरफार | १९ जुलै २०२०

ताई, मी महसुलात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो, बाकी कागद करताना स्थानिक वकिलाला दाखवा.

जमीन विकत घ्यायचा विचार आत्ता डोक्यातून काढा. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. कसायला घेणं हा वेगळा विषय, पण तिथे मामांची बाजू समजून घ्या. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. फार मोठा आणि न्यायाचा कायदा होता तो. पण तेव्हापासून गावोगावच्या लहान जमीनमालकांच्या मनात धास्ती बसली की दुसऱ्याच्या हातात नांगर दिला की जमीन गेली. म्हणून खंडाचे, अर्धेलीचे (पीक निम्मं-निम्मं वाटायचे) बहुतेक व्यवहार तोंडी चालतात. मामा बोलणार नाहीत, पण त्यांची मुलं मुंबईहून नक्की विचारतील. यावर माझा एकच उपाय : मामांनाच गटात घ्या. जमीन त्यांची, ते सभासद, तुम्ही त्यांच्यासोबत राबणारे. असं लिहून ठेवा.

सोसायटीचं म्हणाल तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात सामुदायिक आणि संयुक्त शेतीच्या संस्थांना जागा आहे. नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. तुम्ही नऊ, त्यात एक जोडपं आणि दोन सख्खे भाऊ. शेतकरी उत्पादक कंपनीलाही दहा उत्पादक लागतात. तेव्हा आत्ता नोंदणीच्या मागे लागू नका. साधा गट करा, नाव ठेवा, ठराव लिहा, दोघांच्या सहीने चालणारं बँक खातं उघडा.

आणखी एक, हे पक्कं लक्षात ठेवा. सातबारा मामांच्या नावावर म्हणजे पीककर्ज त्यांच्या नावावर. अतिवृष्टी झाली, पंचनामा झाला, तर भरपाईही त्यांच्याच खात्यात येणार. ती कोणाची, हे पाऊस पडायच्या आधी ठरवा.

माळरान | २० जुलै २०२०

सासवडकडं आमची भाजीची शेती हाय. ताई, दोन एकर करू नका. वीस गुंठे करा. वीस गुंठ्यांची पालेभाजी खुरपायला, काढायला, जुड्या बांधायला नऊ माणसं कमी पडतील असे दिवस येतील.

मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघती, पालक तेवढाच, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस. महिन्याभरात हातात पैसा दिसंल असं एवढंच पीक. पण पावसाळ्यात भाव असतो तो निम्म्यांची भाजी सडती म्हणून, हे विसरू नका. वरचा तुकडा निचऱ्याचा असंल तर गादीवाफे करा, सपाट वाफ्यात टाकू नका.

लाइटीचं विचारून घ्या. आमच्याकडं मोटारीला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री अडीचला पाणी द्यायला कोण जाणार? तिथं राहणारं माणूस पायजे. चिंचवडहून येऊन-जाऊन हे होत नाही.

आणि राग मानू नका, पण पहिले सहा महिने तुमचं सगळ्यांचं पोट कशावर चालणार ते मांडलंय का? एक लाख दहा हजार बी-खताला पुरत्याल. नऊ घरांच्या किराण्याला न्हाई पुरत.

चिंचवडची | २० जुलै २०२०

फेरफार काका, माळरान दादा, मनापासून आभार. पोटाचा प्रश्न आम्ही खरंच मांडला नव्हता. आज सगळे फोनवर बोललो. तिघांच्या घरात दुसरी मिळकत आहे, सहा घरांत नाही.

गिरणगाव | २१ जुलै २०२०

रात्री हा धागा वाचला आणि वडिलांची आठवण आली, म्हणून लिहिते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी सात वर्षांची होते. पहिले काही महिने सगळ्यांना वाटे, आज मिटेल, उद्या मिटेल. मग एकेक जण गावी जाऊ लागला : कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे. वडील आणि त्यांच्या खात्यातले चौघे असे पाच जण त्या पावसाळ्याआधी पाटण तालुक्यात आमच्या गावी आले. आमच्या घरची डोंगरउताराची जमीन होती. बाकीच्यांपैकी दोघांना जमीनच नव्हती. ठरलं की पाचांनी मिळून करायचं आणि आलेलं पाचांत वाटायचं. ही माणसं एकाच खोलीत पंधरा वर्षं पाळीपाळीने झोपलेली, एका खानावळीत जेवलेली. युनियनची शिस्त अंगात मुरलेली. त्यांच्यापेक्षा जास्त एकी कुठे मिळणार होती?

दोन पावसाळे टिकलं. भांडण झालंच नाही, आणि तेच वाईट झालं. आमची आजी सकाळी भाकऱ्या थापताना मोजायची, बोलायची नाही. ज्यांना जमीन नव्हती ते जास्त राबायचे, कारण आपण दुसऱ्याच्या जमिनीवर आहोत हा भार त्यांच्या मनावर. वडील आजारी पडले तेव्हा पंधरा दिवस कामाला गेले नाहीत, तरी भात सारखंच वाटलं गेलं. कोणी काही म्हटलं नाही, पण वडिलांना ते लागलं. १९८४ च्या उन्हाळ्यात एक काका "मुंबईला चक्कर टाकून येतो" म्हणून गेले ते परत आले नाहीत. मागोमाग दुसरे गेले.

वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "गिरणीत हजेरीचं कार्ड होतं. शेतात आम्ही ते ठेवलं नाही, कारण आपल्या माणसांत हजेरी कसली, असं वाटलं." ताई, तुम्ही हिशेब बघणाऱ्या आहात. ती वही पहिल्या दिवसापासून उघडा.

डोंगरवाट | २१ जुलै २०२०

गिरणगाव ताईंचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात "पडकई" असते. उतारावर भाताची खाचरं पाडायची तर एका घराला झेपत नाही, म्हणून आठ-दहा घरं एकत्र येतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. देशावर यालाच सावड म्हणतात. लोकांना वाटतं हे सगळं प्रेमापोटी चालतं. प्रेम असतंच, पण माझी आई निरक्षर असून कोणाकडे आपले किती दिवस येणं आहेत आणि कोणाला किती द्यायचेत ते बोटांवर सांगायची. दिवसाला दिवस. तुमच्या घरचा माणूस आला नाही तर बदली पाठवायचा. सावडीत दिवस बुडवणाऱ्याच्या रानात पुढच्या वर्षी कोणी जात नाही. इर्जिक वेगळं, तिथे जेवणावर काम होतं आणि परतफेड मोजत नाहीत, पण ते एका दिवसापुरतं. वर्षभर चालवायचं असेल तर सावडीचा नियम लागतो.

मिशिगनकर | २२ जुलै २०२०

मी इथे अमेरिकेत सॅगिनॉपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. तुमचा प्रश्न वाचला आणि इथलीच एक गोष्ट आठवली. १९३३ साली, महामंदीच्या ऐन भरात, शहरांतल्या ज्यू कामगार कुटुंबांनी याच भागात "सनराइज" नावाची सामुदायिक शेती सुरू केली. पुढाकार जोसेफ कोहेन या अराजकतावादी संपादकाचा. त्यांना मिळालेला मळा जवळजवळ दहा हजार एकरांचा, दलदल उपसून काढलेली काळी जमीन. बीट, पुदिना अशी पिकं.

जमीन उत्तम होती. माणसं शिकलेली, ध्येयवादी होती. पण शेतीचा अनुभव अगदी थोड्यांना, आणि मळा केवढा! त्यात बैठकांना अंत नाही. कामाचे वाद विचारसरणीचे झाले, भाषेचे झाले, मुलांना काय शिकवायचं इथपर्यंत गेले. १९३६ मध्ये जमीन सरकारला विकावी लागली. माळरान दादांनी "वीस गुंठे" म्हटलं ते वाचून मला हेच आठवलं.

चिंचवडची | २२ जुलै २०२०

मिशिगनकर, वाचून मन जड झालं. शहरातल्या माणसांचं टिकलेलं उदाहरण कुठेच नाही का?

पालापाचोळा | २३ जुलै २०२०

आहे की! क्यूबात. सोव्हिएत संघ कोसळला तसं त्यांचं तेल, खत, ट्रॅक्टरचे सुटे भाग सगळं आटलं. शहरांत खायला नव्हतं. हवानात लोकांनी मोकळ्या जागांवर कडेने भिंती घालून, सेंद्रिय खताने भरलेले उंच वाफे केले, त्यांना "ऑर्गनोपोनिको" म्हणतात. हवानाच्या पूर्वेला आलामार नावाची इमारतींची मोठी वसाहत आहे, आपल्या म्हाडाच्या वसाहतींची आठवण यावी अशी. तिथे १९९७ मध्ये पाच जणांनी एक सहकारी भाजीमळा सुरू केला. पुढे तो दहाएक हेक्टरांवर गेला आणि दीडशेच्या वर माणसं त्यात काम करू लागली. दोन गोष्टी लक्षात घ्या. जमीन सरकारने वापरायला दिली होती, आणि गिऱ्हाईक कुंपणाच्या पलीकडे राहत होतं. भाजी काढली की तिथेच विकली. त्यांनी सुरुवात पाचांपासून केली हेही महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, केरळातलं. कुटुंबश्री या तिथल्या सरकारी महिला बचतगट योजनेतल्या बायका चार ते दहा जणींचे गट करून खंडाच्या जमिनीवर शेती करतात. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी तिथल्या गटशेतीची एकेकट्याच्या शेतीशी तुलना केली. हेक्टरी उत्पन्न गटांचं १.८ पट निघालं. पण भातात गट मागे पडले. केळी, भाजीपाल्यासारख्या नगदी पिकांत त्यांनी बाजी मारली. म्हणून म्हणतो, मामांच्या भाताला हात लावू नका, वरचाच तुकडा करा.

चिंचवडची | २ ऑगस्ट २०२०

रविवारी सगळे मामांच्या ओट्यावर बसलो. दुपारी बारापासून अंधार पडेपर्यंत. ठरलं ते लिहिते.

वीस गुंठेच. मेथी, पालक, कोथिंबीर, दर आठवड्याला थोडी थोडी पेरायची, म्हणजे सगळी एकदम निघणार नाही. चौघे तिथेच राहणार : भाऊ दोघे, सिक्युरिटीचे काका आणि लाइनवरचे एक जण. बाकीचे पाच इकडे सोसायट्यांच्या गेटवर विकणार, वाहतूक व्हॅनमधून. कोणी किती पैसे घातले ते वेगळ्या पानावर, ती गटावरची उसनवारी. वाटणी फक्त तासांवर. भरपाई आली तर बियाण्याचा खर्च आधी फेडायचा, मग उरलेलं मामांचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तास कशाला म्हणायचं यावर. शेतातल्यांचं म्हणणं, गेटवर सावलीत उभं राहणं आणि चिखलात वाकणं सारखं नाही. ते खरंच होतं. व्हॅनवाले दादा म्हणाले, पहाटे तीनला निघतो, ते कुठे मोजणार? मग मैत्रिणीने विचारलं, तिकडे चौघांचा स्वयंपाक कोण करणार, आणि त्याचा तास धरणार का? एकदम शांतता. मी सांगितलं, स्वयंपाकाचे तास धरले नाहीत तर वही मी ठेवणार नाही. हॉटेलातल्या धाकट्या भावाने लगेच पाठिंबा दिला. म्हणाला, "मी आयुष्यभर पगार घेऊनच स्वयंपाक केलाय, इथे तो फुकट कसा होईल?" शेवटी सगळ्यांचा सगळा तास सारखा.

गिरणगाव ताई, पहिल्या पानावर मी "हजेरी" असंच लिहिलंय.

गिरणगाव | २ ऑगस्ट २०२०

खूप बरं वाटलं. त्या पानाचा फोटो मला पाठवाल का? आईला दाखवायचाय.

मिशिगनकर | १ सप्टेंबर २०२०

काल भारताचे तिमाहीचे आकडे आले. एप्रिल ते जून अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आक्रसली, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. वाचताना तुमच्या वीस गुंठ्यांची आठवण झाली. काय चाललंय?

चिंचवडची | ३ सप्टेंबर २०२०

पहिली मेथी २९ ऑगस्टला काढली! दोनशे चाळीस जुड्या. गेटवर पाऊण तासात संपली. पार्लरवाल्या मैत्रिणीच्या जुन्या गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअॅपवर आधीच नावं दिली होती. त्या दिवशी काका माती लागलेल्या हातांनी जुड्या मोजत होते. "चार महिन्यांनी काही मोजतोय," म्हणाले. लाइनवरच्या एकांना कंपनीने परत बोलावलं, ते गेले. त्यांचे तास आणि पैसे चुकते केले. वाईट कोणालाच वाटलं नाही.

माळरान | ३ सप्टेंबर २०२०

झकास. उरलेली मार्केट यार्डात घालू नका, लांब पडतंय. शिळी झाली तर जवळच्या आठवडी बाजारात द्या. आणि त्याच वाफ्यात लगेच मेथी नको, पालक फिरवा.

चिंचवडची | १८ ऑक्टोबर २०२०

बुधवारी रात्री, १४ तारखेला, काय पाऊस झाला ते पुण्यातल्यांना सांगायला नको. वरचा बांध फुटला. बारा गुंठे कोथिंबीर गाळाखाली गेली, शनिवारी काढायची होती. पालक अर्धा वाचला, गादीवाफ्यांमुळे.

थोरला भाऊ आणि लाइनवरचे दुसरे जण थांबले. म्हणजे आता सोडतो म्हणाले. थोरल्याला एका हॉटेलात काम मिळतंय, पार्सल सुरू झालंय. आम्ही सहा उरलो. उसनवारीतले पैसे दोघांना हप्त्यांनी द्यायचं ठरलंय.

रात्री वही लिहायला बसले तर हातच चालेना. एकशे दहा तास त्या कोथिंबिरीत गेले होते. ते तास मी खोडले नाहीत.

डोंगरवाट | १८ ऑक्टोबर २०२०

खोडू नका. केलेलं काम ते केलेलंच. बांध घालायला माणसं लागत असतील तर सांगा, आम्ही तिघे दोन दिवस येऊ शकतो. आमच्याकडची सावड समजा, परतफेड आमच्याकडे भात काढणीला.

फेरफार | १९ ऑक्टोबर २०२०

तलाठ्याकडे लगेच जा. मामांना सोबत न्या, फोटो तारखेसकट ठेवा. चिखल उपसायच्या आधी पंचनामा करून घ्या.

चिंचवडची | १७ जानेवारी २०२१

बरेच दिवस लिहिलं नाही, काम चालू आहे. डोंगरवाट दादा आणि त्यांची माणसं खरंच आली होती, दोन दिवसांत बांध उभा केला. नोव्हेंबरात आम्ही चौघे त्यांच्या भाताला गेलो. भरपाई मामांच्या खात्यात आली, त्यांनी त्याच दिवशी व्हॅनवाल्या दादांना फोन केला. बियाण्याचे पैसे सुटले.

३१ डिसेंबरपर्यंतचा हिशेब केला. खर्च वजा जाता वाटायला १,०१,२०० रुपये. तास ४,६००. म्हणजे तासाला बावीस रुपये. आकडा मोठ्याने वाचला तेव्हा कोणी काही बोललं नाही. आठ तासांचे एकशे शहात्तर होतात. खुरपणीला गावातल्या दोघी येतात, त्यांना आम्ही दिवसाला अडीचशे देतो.

वाटणी झाल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामांचं पान कुठंय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. जुलैमध्ये फेरफार काकांनी मामांना गटात घ्या म्हणून सांगितलं होतं, आम्ही कागदावर घेतलंही. पण ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात मोटार मामाच चालू करतात, पाणी बारीवर फिरवतात. हजेरीत त्यांचं नावच नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही. आम्ही बसून महावितरणच्या वेळा आणि पेरणीच्या तारखा जुळवल्या, दोनशे बारा तास निघाले. ते धरून दर पुन्हा काढला, प्रत्येकाकडून थोडं थोडं परत घेतलं आणि मामांना दिलं. ते घेईनात. मामी म्हणाल्या, "मी घेते," आणि घेतले.

आता मंडळींना विचारायचंय ते असं. खुरपणीच्या त्या दोघींशिवाय आमचं चालत नाही, शेतीतलं आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आम्ही त्यांना गटात या म्हटलं, तासावर. त्या म्हणाल्या, "तास नको ताई, रोजच बरा." मला वाईट वाटलं, पण आकडे बघता त्यांचं बरोबर आहे. काय करावं?

गिरणगाव | १७ जानेवारी २०२१

मामांचं पान वाचून आईला फोन लावला. ती रडली. आमच्या घरी हे कोणी केलं नव्हतं.

माळरान | १८ जानेवारी २०२१

त्यांचा रोज चालू ठेवा आणि वेळच्या वेळी द्या. गटात या म्हणून आत्ता गळ घालू नका. पण वाटणीच्या दिवशी त्यांना ओट्यावर बसवा, वही त्यांच्या समोर वाचा. तुमचा तास त्यांच्या रोजाच्या वर गेला की त्या आपणहून विचारतील. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी पडंल, फेब्रुवारीपास्नं दहाच गुंठे धरा, गवार लावा. बी लागलं तर माझ्याकडं हाय, व्हॅन सासवडला आली की न्या.

चिंचवडची | १८ जानेवारी २०२१

गुरुवारी येतो दादा. डिझेलचा खर्च आणि व्हॅनचे तास वहीत धरते.